बिनकामाच्या बंदुका

बंदूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तीन माणसे उभी राहतात: शिपाई, शिकारी आणि दरोडेखोर. तिघांनाही बंदूक हवी ती कामाची. भरायला सोपी, नेमाला अचूक, पावसापाण्यात दगा न देणारी. आज मी ज्या बंदुकांविषयी बोलणार आहे, त्या यांपैकी कोणाच्याच कामाच्या नाहीत. त्या जड आहेत, भरायला वेळ खातात, कधी उडतात तर कधी उडत नाहीत. आणि तरीही देशोदेशी अशी माणसे आहेत, की जी या बंदुका हौसेने जमवतात, त्यांचे तेलपाणी करतात, सुटीच्या दिवशी त्या मैदानावर नेऊन चार बार काढतात आणि हातातोंडाला काजळी लावून आनंदाने घरी येतात. या हौसेत एवढे आहे तरी काय, आणि तिचा तुमच्याआमच्या गावांशी काय संबंध, हे आज पाहू.

संबंध कळायला फार लांब जायला नको. नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरलाच जाऊ. निफाड तालुक्यातले हे गाव नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. लासलगाव तिथून जवळच. आज विंचूर म्हटले की कांद्याचा बाजार आठवतो. पण इतिहासात हे नाव गाजले ते विंचूरकर सरदारांमुळे. घराण्याचे मूळ आडनाव दाणी. विठ्ठल शिवदेव दाणी हे पेशव्यांच्या घोडदळातले नामांकित सरदार. विंचूर ही त्यांची जहागीर, आणि पुढे थोरल्या माधवराव पेशव्यांनी येवलाही त्यांना दिले.

हेच विठ्ठल शिवदेव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर होते. त्या दिवशी मराठ्यांच्या बाजूने इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण बंदुकांच्या फैरी झाडत होती. ऐन लढाईत विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांच्या स्वारांनी गारद्यांच्या फळीतून पुढे मुसंडी मारली, रोहिल्यांच्या गोळीबाराने त्यांना मागे रेटले आणि त्या गोंधळात आपल्याच गारद्यांचा मारा अडला, असे पानिपतावरच्या ग्रंथांतून सांगितले जाते. पलीकडे अब्दालीकडे उंटांवर लादलेल्या जंबुरका होत्या. जंबुरका म्हणजे उंटाच्या खोगिरावर फिरत्या खिळीवर बसवलेली लहान तोफ. फारसीत जंबूर म्हणजे गांधीलमाशी. उंट बसवायचा, तोंड फिरवायचे, बत्ती द्यायची आणि उंट उठवून दुसरीकडे चालू लागायचे. नाव अगदी शोभते की नाही बघा!

युद्धात हत्याराची परीक्षा अशी रोकडी असते. तिथे हौसेला जागा नाही. आता तीच जंबुरका आजच्या माणसाच्या हाती आली तर तो तिचे काय करणार? उंट नाही, फौज नाही, शत्रू नाही. काम संपले आहे. उरली आहे ती केवळ वस्तू, तिची घडण आणि तिचा आवाज. हौशी संग्राहकाचा आनंद सुरू होतो तो इथे.

जिथे जिथे सरदारांचे, देशमुखांचे, पाटलांचे वाडे होते, तिथे भिंतीवर ढालतलवार आणि कोपऱ्यात एखादी लांबलचक नळीची बंदूक असणे ही एके काळी साधी गोष्ट होती. खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायची आणि पुन्हा वर्षभर कोपऱ्यात ठेवायची. ही बंदूक बहुधा तोड्याची असे. ती उडते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे.

तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. तिला जामगी असेही म्हणत. ती पेटवली की ज्योत धरत नाही, उदबत्तीसारखी धुमसत राहते. बंदूक भरायची ती नळीच्या तोंडातून. आधी मोजकी दारू ओतायची, मग गोळी, वर चिंधीचा किंवा कागदाचा बोळा, आणि गजाने सगळे ठासून बसवायचे. म्हणून तिला ठासणीची बंदूक म्हणतात. नळीच्या मागच्या अंगाला एक बारीक भोक असते, त्याला काना म्हणतात. कान्याशेजारी लहानशी वाटी असते. त्या वाटीत चिमूटभर बारीक दारू घालायची, तिचे नाव रंजक. चाप ओढला की धुमसता तोडा वाटीत उतरतो, रंजक भुरकन पेटते, तिची ठिणगी कान्यातून आत जाते आणि मग बार होतो.

शिक्षकबंधुभगिनींनो, इथे भाषेचीही एक गंमत आहे. कथा रंजक आहे असे आपण म्हणतो, तेव्हा मनाला रिझवणारी असा अर्थ असतो. बंदुकीच्या कान्याशी पेटणारी दारू तीही रंजकच! वाटीतली रंजक पेटावी, धूर निघावा आणि आतला बार मात्र उडू नये, असेही पुष्कळदा होई. बार फुसका जाणे ही नामुष्की बंदुकवाल्यांच्या रोजच्या अनुभवातली होती. आज निवडणुकीतल्या आश्वासनांनाही आपण फुसका बार म्हणतो. बत्ती देणे, बार उडवणे, फैर झाडणे, नेम चुकणे हे सगळे शब्द आपल्या बोलण्यात राहिले, बंदुका मात्र गेल्या. वर्गात मुलांना असे शब्द गोळा करायला सांगा. एक तास कसा जाईल ते कळणार नाही.

तोड्याची बंदूक मागे पडली याची कारणे उघड आहेत. पावसात तोडा विझे. रात्री त्याचा लाल ठिपका दुरून दिसे. जवळ दारूची पिशवी आणि हातात पेटती दोरी, म्हणजे धोका शत्रूइतकाच स्वतःला. पुढे चकमकीची बंदूक आली. तिच्यात गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे. मग तांब्याच्या टोपीची आली, आणि शेवटी मागून काडतूस घालायची. एकेक पायरीला बंदूक अधिक कामाची झाली, आणि आधीची बिनकामाची.

पण बिनकामाच्या सगळ्याच बंदुका काही म्हाताऱ्या होऊन निवृत्त झालेल्या नाहीत. काही जन्मापासूनच तशा. कारागिराच्या डोक्यात कल्पना आली, त्याने ती लोखंडात उतरवली, आणि उतरल्यावर कळले की हिचा उपयोग कोणालाच नाही! इंग्लंडात जेम्स पकल नावाच्या वकिलाने १७१८ साली एका फिरत्या बंदुकीचा हक्क नोंदवला. तिपाईवर बसवलेली नळी आणि मागे चरकासारखे फिरणारे गोळ्यांचे घर. ख्रिस्ती शत्रूंसाठी गोल गोळ्या आणि तुर्कांसाठी चौकोनी, अशी त्याची योजना होती. चौकोनी गोळी जास्त दुखापत करील, असा त्याचा समज. १७२२ साली भर पावसात तिने सात मिनिटांत ६३ बार काढून दाखवले. लोकांनी माना डोलावल्या, पण विकत घ्यायला फारसे कोणी आले नाही.

दुसरी कथा हेन्री नॉक या लंडनच्या कारागिराची. इंग्रजी आरमारासाठी त्याने १७८० च्या सुमारास सात नळ्यांची बंदूक बनवली. चाप एकदा ओढला की सातही नळ्या एकदम उडत. जहाजाच्या डोलकाठीवर चढून शत्रूच्या डेकवर गोळ्यांचा सडा घालावा, ही कल्पना. पण सात बारांचा धक्का एकाच खांद्यावर! खलाशांचे खांदे निखळू लागले, आणि तोंडाशी निघणाऱ्या जाळाने आपल्याच शिडांना आग लागण्याची भीती. १८०४ पर्यंत आरमाराने ती बाजूला काढली. आज एखाद्या संग्राहकाकडे ती असली तर तो ती प्राणापलीकडे जपतो.

विसाव्या शतकातही हा प्रकार थांबला नाही. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत जायरोजेट नावाचे पिस्तूल निघाले. त्याची गोळी म्हणजे लहानसा अग्निबाणच. ती नळीतून निघताना हळू असे आणि पुढे जाताजाता वेग घेई. म्हणजे माणूस जवळ उभा असला तर तिचा जोर कमी, आणि लांब असला तर नेम धड नाही! धंदा बुडाला. पण त्या पिस्तुलाचे चाहते आजही आहेत. त्याच्या गोळ्या आता इतक्या दुर्मिळ झाल्या आहेत की एक उडवायची तरी मालक दहादा विचार करतो.

आपल्याकडेही बंदुकीचे कौतुक करणारे थोर लोक होऊन गेले. अकबर बादशहाच्या आवडत्या बंदुकीला नाव होते, संग्राम. अबुल फजलने आइन-ए-अकबरीत बादशहाच्या बंदुकांचे वर्णन बारकाईने केले आहे. एका बत्तीने एकदम उडणाऱ्या सतरा नळ्यांच्या जोडणीची गोष्टही त्यात येते. म्हैसूरच्या टिपू सुलतानाच्या कारखान्यातल्या बंदुकांवर वाघाची तोंडे कोरलेली असत. त्या आज इंग्लंडच्या संग्रहालयांत आहेत. माणूस हत्याराला नाव देतो, त्यावर वाघ कोरतो, चांदीची तार ठोकतो, तेव्हा तो केवळ मारण्याचा विचार करत नसतो. काहीतरी सुंदर, काहीतरी गमतीचे आपल्या हातात असावे, ही ओढ त्यात असते.

आता तुम्ही विचाराल, नुसती जमवणे ठीक, पण ती उडवायची कशाला? त्याचे उत्तर त्या उडवण्याच्या पद्धतीत आहे. आजच्या बंदुकीत बोट हलवले की काम होते. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार ही एक पूजाच. दारू मोजा, ओता, ठासा, रंजक घाला, तोडा फुंका, श्वास रोखा. बार झाला की पांढऱ्या धुराचा ढग, गंधकाचा वास, आणि निशाण लागले की नाही हे धूर निवळेपर्यंत कळत नाही! दिवसभरात पंधरावीस बार झाले तरी पुष्कळ. घाईला जागा नाही. संथपणाची ही चव ज्याला कळली, त्याला यंत्रासारखी भराभर उडणारी बंदूक फिकी वाटते. सतारीच्या तारा जुळवण्यात अर्धा तास घालवणारा माणूस जसा आपल्याला वेडा वाटत नाही, तसेच हे.

या हौसेला शिस्तही आहे. ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजांची एक आंतरराष्ट्रीय संघटना १९७१ पासून आहे, आणि तिच्या जागतिक स्पर्धा भरतात. तोड्याच्या बंदुकीचीही स्वतंत्र स्पर्धा असते. एका स्पर्धेचे नाव तानेगाशिमा. हे जपानातले बेट. १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर तोड्याची बंदूक तिथे उतरली, म्हणून जपानी लोक त्या बंदुकीलाच तानेगाशिमा म्हणू लागले. या स्पर्धांत दारूचा डबा घेऊन कोणी बंदुकीशी बसत नाही. एकेका बाराची दारू आधीच मोजून वेगवेगळ्या नळकांड्यांत आणावी लागते. म्हणजे ठिणगी उडालीच तर एका बाराचीच दारू पेटेल, सगळा साठा नव्हे.

आपल्या शेजारी कोडगूत, म्हणजे कूर्गात, कैलपोदू नावाचा सण असतो. त्यात बंदुकांची पूजा होते आणि उंच झाडाला बांधलेल्या नारळावर नेम धरण्याच्या शर्यती लागतात. नारळ फुटला की जल्लोष! महाराष्ट्रातही जत्रेत, पालखीच्या वेळी उखळीचे बार काढण्याची जुनी रीत आहे. उखळी म्हणजे जमिनीवर ठेवायची लोखंडी कुपी. तीत दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. गोळी नाही, नेम नाही, निव्वळ आवाज. बिनकामाची बंदूक याहून दुसरी कोणती?

आणि मुलांची बंदूक? दिवाळीतली टिकल्यांची बंदूक कोणाला आठवत नाही! बस्तरात जगदलपूरला रथयात्रेच्या वेळी गोंचा सण होतो. तिथे बांबूच्या पोकळ नळीत पेंगू नावाची हिरवी फळे घालून दट्ट्याने उडवतात. ठो असा आवाज होतो आणि फळ समोरच्याच्या पाठीवर बसते. तिचे नाव तुपकी. आपल्या जुन्या मराठीत बंदुकीला तुपक म्हणत, ते शब्द एकाच कुळातले. दारू नाही, आग नाही, हवेच्या दाबाचा धडा मात्र पुरता आहे. विज्ञानाच्या शिक्षकाने वर्गात करून दाखवावे असे ते खेळणे.

मंडळी, इथवर गंमत झाली. आता जे सांगायचे ते नीट ऐका. बंदूक बिनकामाची झाली म्हणजे ती बिनधोक झाली, असे नव्हे. हत्याराला आपली हौस कळत नाही आणि दारूला सणवार कळत नाही. उखळीत दारू ठासताना बार उडून हाताचे पंजे गेल्याची उदाहरणे आपण ऐकतो. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशातल्या इतर गावांत मुलांनी प्लॅस्टिकच्या नळीच्या, कार्बाईडच्या वायूवर उडणाऱ्या बंदुका घेतल्या. खेळणे म्हणून बाजारात स्वस्तात मिळत होत्या. उडाली नाही म्हणून पोर नळीत डोकावून बघते, आणि नेमका तेव्हाच जाळ बाहेर येतो. शेकडो लोकांच्या, त्यातही मुलांच्या, डोळ्यांना इजा झाली आणि काहींची दृष्टी गेली. तिथल्या अधिकाऱ्यांना मग बंदी घालावी लागली. हे खेळणे आपल्या बाजारातही येऊ शकते. शाळेत दिवाळीच्या सुटीपूर्वी पाच मिनिटे यासाठी काढा.

दुसरा धोका वाड्यातल्या कोपऱ्यात आहे. जुनी ठासणीची बंदूक भरलेली असू शकते. पणजोबांनी रात्रीच्या राखणीला भरून ठेवली आणि कोणी ती रिकामी केलीच नाही, असे होते. काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेटू शकते. म्हणून जुन्या बंदुकीशी पहिला नियम हाच: ती भरलेली आहे असेच समजा. तिचे तोंड माणसाकडे, गुराकडे, दाराकडे धरू नका. चाप ओढून पाहू नका. जवळ दिवा, उदबत्ती, विडी नको. खंडेनवमीच्या पूजेतही नको. जाणकार माणूस नळीत लाकडी काठी घालून आतली खोली मोजतो आणि ती बाहेरून कान्यापर्यंतच्या लांबीशी ताडून पाहतो. काठी कान्यापर्यंत पोचली नाही, तर आत काहीतरी आहे. हे काम जाणकारालाच करू द्या. आणि आत काही आढळले तर आपण उकरायला जाऊ नका, पोलिसांना कळवा.

तिसरा धोका म्हणजे ती उडवून पाहण्याचा मोह. लग्नाची वरात आली, मित्रांनी भरीला घातले, की पणजोबांची बंदूक बाहेर निघते. त्या नळीला आतून गंज चढलेला असतो, तो दिसत नाही. नळी फुटली तर तिचे तुकडे शत्रूला नव्हे, धरणाऱ्याच्या हाताला आणि चेहऱ्याला लागतात. जुन्या नळीत आजच्या काडतुसातली दारू घालणे तर आत्मघातच. तिचा दाब त्या लोखंडाला सोसत नाही.

कायदाही माहीत हवा. १८७८ साली इंग्रज सरकारने हत्यारांचा कायदा करून लोकांच्या बंदुका परवान्याखाली आणल्या. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा झाला. त्यात पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. जुन्या पद्धतीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडके हत्यार, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला त्या कायद्यातून सूट आहे. २०२० साली केंद्र सरकारने नियमांत असेही केले, की कुतूहलाच्या वस्तूंत मोडणारी लहान शस्त्रे बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. पण ती वापरायची, बरोबर न्यायची किंवा दुसरीकडे हलवायची तर परवाना हवाच. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे परवान्यावर दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. आणि त्याच दुरुस्तीने, लग्नात किंवा सणात निष्काळजीपणे बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते.

आपल्या घरची बंदूक यांपैकी कोणत्या वर्गात बसते, हे ओट्यावर बसून ठरवू नका. पोलिस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. केवळ भीतीपोटी ती विहिरीत टाकणे किंवा भंगारवाल्याला वजनावर देणे, हे दोन्ही वाईट. एक तर ते बेकायदेशीर ठरू शकते, आणि दुसरे म्हणजे गावाच्या इतिहासाचे एक पान फाटते. शंभर वर्षांवरच्या कलाकुसरीच्या वस्तू देशाबाहेर नेण्याला १९७२ च्या कायद्याने खाजगी माणसाला बंदी आहे, हेही ध्यानात असू द्या. गोड बोलून जुन्या वस्तू उचलणारे दलाल गावोगाव फिरत असतात.

बंदूक रिकामी आहे याची खात्री झाली आणि कायद्याचे पाहून झाले, की मग तिची हौस खुशाल करा. विटकरीच्या पुडीने किंवा चिंचेने ती घासू नका. चकाकी येईल, पण नळीवरची अक्षरे आणि नक्षी जाईल. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, लोखंडाला तेलाचा अगदी पातळ हात द्या, ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नका. तिची लांबी मोजा. नळीवर देवनागरी किंवा फारसी अक्षरे असली तर छायाचित्र घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ही कोणाची, कुठून आली, कोणी शेवटची उडवली? ते एका वहीत लिहा. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपे अशा घरगुती वस्तूंतून केवढे संग्रहालय उभे केले, ते आपण जाणतोच. वस्तूमागची गोष्ट ठाऊक असली की वस्तू बोलू लागते.

ज्यांना नेम धरण्याचीच ओढ आहे, अशा मुलामुलींना रीतसर मैदान दाखवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे नाशिकच्या सरावातून पुढे गेला आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकात त्याने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणले. त्याची रायफल युद्धाच्या कामाची नाही, शिकारीच्याही नाही. कागदावरच्या वर्तुळाचा मध्य शोधणे, एवढेच तिचे काम.

बंदुकीच्या जन्माचा हेतू मारणे हा होता. ज्या बंदुकीकडून ते काम सुटले, ती माणसाच्या कुतूहलाची वस्तू झाली, आणि हे चांगलेच झाले. विंचूरसारख्या गावांतल्या वाड्यांत अशी एखादी तोड्याची बंदूक अजून कोपऱ्यात उभी असेल, तर तिने पुन्हा बार काढावा अशी गरज नाही. येत्या खंडेनवमीला ती रिकामी आहे ना, एवढी जाणकाराकडून खात्री करून घ्या. आणि मग मुलांना जवळ बोलावून तोडा कुठे बसे, काना कोणता आणि रंजक म्हणजे काय, हे बोट ठेवून दाखवा.